नवव्या भागाचा ताव

आईच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला एक गुळगुळीत, चकचकीत घट्टा होता. छापील कागदाच्या घड्या दाबून दाबून तो पडला होता. मला ताप आला की ती त्याच अंगठ्यानं माझं कपाळ चेपायची आणि मी डोळे मिटून विचार करायची, आता आपलीही घडी बसणार. शुक्रवार पेठेतल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात ती कामाला होती. छापखान्यातून मोठाले ताव यायचे, एकेका तावावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं. तो ताव तीनदा दुमडला की सोळा पानांची एक चोपडी व्हायची. त्या चोपडीला फर्मा म्हणत. असे फर्मे ओळीनं लावून शिवले की पुस्तक. मी बाराखडी शिकायच्या आधीपासून त्या लांबलचक टेबलाखाली खेळलेली आहे, आणि पुस्तक म्हणजे बायका बोलत बोलत दुमडतात ती वस्तू, असाच माझा पुष्कळ दिवस समज होता.

आमचं घर मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, दोन खोल्यांचं. आप्पा यार्डात एका गुळाच्या आडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या सदऱ्याला गुळाचा वास आणि आईच्या पदराला खळीचा आंबूस वास. घरातल्या मुंग्या आप्पांच्या बाजूच्या आहेत असं आई म्हणायची. पहाटे ट्रक मागे घेणाऱ्यांचे ‘येऊ दे, येऊ दे’ असे आवाज सुरू व्हायचे, त्यावर हमालांच्या हाका, आणि या सगळ्यावर आईचा स्टोव्ह. आज मी हडपसरला ज्या सोसायटीत राहते तिथे सकाळी लिफ्टच्या दाराखेरीज काही ऐकू येत नाही. कधीकधी जाग आल्यावर मला उगीचच वाटतं, कुणीतरी ओरडावं, येऊ दे, येऊ दे.

आईला एक वेड होतं. तिच्याच कारखान्यात बांधल्या जाणाऱ्या ‘सप्तर्षीपार’ नावाच्या कादंबरीमालिकेचं. अंतराळात फिरणारी ‘अगस्ती’ नावाची भलीमोठी नौका, तिची कप्तान रेवती, आणि तिच्या यंत्रघरातला तात्या, जो इंजिनाला शिव्या घालत घालत कुठल्याही ग्रहावर आधी चहाचं आधण ठेवायचा. ग्रह जळायचे, साम्राज्यं कोसळायची, पण तात्याचा चहा काही चुकायचा नाही. आठव्या भागाच्या शेवटी रेवतीनं सगळ्यांना वाचवून स्वतः एका लहानशा होडीत राहणं पत्करलं होतं, आणि ती होडी मरणाऱ्या एका ताऱ्याकडे वाहत निघाली होती. तिथे लेखकानं जे पुस्तक संपवलं ते संपवलंच. कित्येक दिवाळ्या आल्या नि गेल्या, नववा भाग काही येईना.

नानिवडेकर सर आमच्या घरात आले तेही या मालिकेमुळेच. सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी विकत घेतलेल्या चौथ्या भागात एक फर्मा दोनदा लागला होता आणि पुढचा गळालाच होता. ते थेट कारखान्यात आले आणि दारातूनच म्हणाले, “शहाण्णव पानानंतर एकदम एकशे तेरा! मधे काय घडलं ते मी काय ध्यान लावून ओळखायचं?” आई उठली. म्हणाली, “सर, आधी पुस्तक मिटा. एकशे तेराचं एक अक्षर वाचलं नाहीत ना?” सर म्हणाले, “नाही.” “मग बसा.” तिनं हवा तो फर्मा शोधून त्यांच्या हातात दिला, बसायला स्टूल दिलं, आणि वाचून होईपर्यंत त्यांच्याशी कुणाला बोलू दिलं नाही. त्यानंतर दोघं इतका वेळ बोलत राहिली की मालकांना खोकावं लागलं. पुढच्या रविवारी सर आमच्या घरी, आणि तेव्हापासून दर रविवारी. शकूरभाई त्यानंतर आले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. आईच्या डोळ्यांचा नंबर काढता काढता त्यांनी पाटीवरच्या अक्षरांऐवजी ‘सप्तर्षीपार’चं पान तिच्यापुढे धरलं, आणि ती वाचायची थांबेचना.

रविवारचा थाट असा. घरातली एकुलती एक खुर्ची सरांना. कॉटच्या कडेला शकूरभाई. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर आई, पुढ्यात दडप्या पोह्यांची परात, नाहीतर सोलायचे मटार. आप्पा पेपरामागे झोपल्याचं सोंग घेऊन. मधेच पेपरामागून आवाज यायचा, “काय, ती बाई अजून लोंबकळतेच आहे का?”

“आप्पा, आपण गुळाकडे लक्ष द्या,” सर म्हणायचे. “त्या होडीची लांबीरुंदी सातव्या भागात दिलेली आहे. तेवढ्या हवेत माणूस किती टिकेल याचं गणित मी केलंय. रेवती गेली.”

“सर, तुमच्या गणितानं मी चौथीतच गेलो होतो,” शकूरभाई म्हणायचे.

“आणि तिनं श्वास पुरवून पुरवून घेतला तर?” आई विचारायची.

“श्वास म्हणजे काय रॉकेल आहे, वहिनी, पुरवून वापरायला?”

“बाईमाणूस काहीही पुरवतं, सर. तुम्ही घरात कधी विचारलं नसेल.”

सर हसायचे नाहीत, चष्मा पुसायचे. गणितानं रेवतीला मारणारा हा माणूस नवव्या भागाची चौकशी करायला दुकानात किती वेळा जातो, हे शकूरभाईंनी आम्हाला सांगून टाकलं होतं.

आणि मग एकदाचे नवव्या भागाचे ताव कारखान्यात आले. आईच्या टेबलावर आले. पण आईचा एक नेम होता. ज्या भागाच्या घड्या ती घालायची, त्यातलं ती एक अक्षर वाचायची नाही. तावाच्या खालच्या कडेचे पानांचे आकडे तेवढे बघायची, ते एकावर एक जुळवायची आणि दुमडायची. मालकांची सक्त ताकीद होतीच की आतलं काही बाहेर जाता कामा नये. पण आईचा नेम ताकिदीमुळे नव्हता. “पंगत बसायच्या आधी मी कढईतलं चाखत नाही,” एवढंच म्हणायची. शकूरभाई रविवारी तिच्यापुढे हात जोडायचे. “वहिनी, बोलू नका. नुसती मान हलवा. आहे, का नाही?” आई म्हणायची, “मला जवळचं न दिसणारा चष्मा करून द्या. तुमचंही भागेल, माझंही.” आणि त्या दोघांचा तिच्यावर असा विश्वास होता की एका रविवारी दुसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही. तिनं सांगितलं नाही म्हणजे तिला ठाऊक नाही. तिनं काही सांगितलं तर ते असणारच.

मी तेव्हा नुकतीच कॉलेजात जायला लागले होते. मालिका मी वाचली होती, लढाया गाळून. रविवारी मी काही बोलायला गेले की सर अत्यंत आदरानं विचारायचे, “मंजूताई, आपण सहावा भाग वाचलात का? संपूर्ण?” आणि मी गप्प व्हायची. आज त्याचं हसू येतं. तेव्हा यायचं नाही. मला एकदाच, फक्त एकदाच, त्या तिघांच्या माना माझ्याकडे वळायला हव्या होत्या.

दिवाळीच्या सुट्टीत कामाची घाई होती म्हणून आई मला मदतीला घेऊन गेली. दुपारी बायका मागच्या अंगणात डबे धुवायला गेल्या. टेबलावर शेवटच्या तावांची चळत होती, तिच्या खालच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवलेला. मी वाकले. डावीकडच्या पानावर यंत्रघर होतं. रेवती आणि तात्या एकाच झाकणातून चहा पीत होते आणि रेवती हसत होती. म्हणजे ती होडीतून वाचली! मी शेजारचं, उजवीकडचं पान वाचलं. तिथे सगळे रांगेनं उभे होते, झेंड्यात गुंडाळलेली पेटी काळोखात सोडत होते, रेवतीचं नाव घेत होते, आणि तात्याला उभंही राहवत नव्हतं. म्हणजे वाचून, परत येऊन, चहा पिऊन ती मेली. अंगणात भांडी वाजली तशी मी सरळ झाले. सपाट तावावर शेजारी असलेली पानं पुस्तकात शेजारी नसतात, हे त्या टेबलाखाली वाढलेल्या मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आकडे ठोकळ्याखाली होते. ठोकळा सरकवायला कितीसा वेळ लागला असता.

रविवारी सर पुन्हा होडीतल्या हवेवर आले होते, शकूरभाई त्यांना थांबवत होते, आई परातीत खोबरं मिसळत होती. मी म्हणाले, “ती मरते.”

“गणित तेच सांगतंय,” सर म्हणाले.

“गणितानं नाही. होडीत नाही. ती परत येते, आणि मग मरते. झेंड्यात गुंडाळून पेटी सोडतात. तात्याला उभंसुद्धा राहवत नाही.”

माना वळल्या. तिन्ही. आप्पांचा पेपरसुद्धा खाली आला.

“हे आपल्याला कुणी सांगितलं?” सरांनी विचारलं. आवाज अगदी हळू होता.

“आईनं,” मी म्हणाले.

या एका शब्दाला मी पुढे किती कारणं शोधली. मी वाचलं म्हटलं असतं तर आईलाच बोलणी बसली असती, हे एक. मी घाबरले, हे दुसरं. दोन्ही खोटी. खरं कारण साधं आहे. माझ्या वाचण्याला त्या खोलीत वजन नव्हतं. आईच्या शब्दाला होतं. मी तो उचलला आणि वापरला.

आईचे हात परातीत तसेच राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, एखादं पान उलटं लागलंय का ते बघावं तसं. ‘मी नाही सांगितलं’ एवढे तीन शब्द तिनं उच्चारले असते तर मी त्या दोघांसमोर खोटी पडले असते. ती म्हणाली, “चहा गार होतोय, सर.”

सरांनी चहा प्यायला नाही. शकूरभाई प्यायले, पण उभ्यानं.

सर दुःखी माणसासारखे वागले. म्हणजे वाचनालयात आणखी दोघांना सांगून बसले. तिथून ते प्रकाशकाकडे गेलं, प्रकाशकाकडून मालकांकडे. मालकांनी आईला बोलावून विचारलं. रात्रीच्या भाकऱ्या थापताना ती आप्पांना म्हणाली ते मी बाहेरच्या खोलीत ऐकलं, “मी म्हटलं, हो, माझ्या तोंडून गेलं.” आप्पा म्हणाले, “तुझ्या तोंडून? अगं, तुझ्या तोंडून तर माहेरचं गाऱ्हाणंसुद्धा कधी गेलं नाही.” ती म्हणाली, “भाकरी घ्या.” मालक वाईट नव्हते. तिला काढलं नाही, पलीकडच्या टेबलावर लग्नपत्रिकांची पाकिटं चिकटवायला बसवलं. ‘सप्तर्षीपार’चा ताव तिच्या हाताखाली त्यानंतर कधीच आला नाही. खुर्ची रविवारी रिकामी राहू लागली. एकदा आप्पा सवयीनं पेपरामागून म्हणाले, “काय, ती बाई…” आणि थांबले.

पुस्तक आलं तेव्हा शकूरभाईंनी आपली प्रत घरी आणून दिली. आत आले नाहीत. “तुम्ही आधी वाचा, वहिनी,” म्हणाले. आई दुपारी थोडं थोडं वाचायची. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी ती त्या पुस्तकापाशी बसायची. पानं कमी कमी होत चालली आणि ती आणखीच सावकाश वाचू लागली. एका दुपारी तिनं पुस्तक पालथं टाकलं, स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला. पेटीचं पान आलं असणार, म्हणून मी जाऊन पुस्तक उचललं. पेटीचं पान केव्हाच मागे गेलं होतं. पेटी रिकामी होती. रेवती हाती लागली नाही म्हणून नौकेवरच्यांनी नुसती तिची टोपी आत ठेवून पेटी सोडली होती. आणि आता इथे, काही पानांनंतर, यंत्रघराचं दार उघडून ती आत आली होती आणि तात्याला विचारत होती, कुणासाठी रडतोस, चहा कुठाय?

अख्ख्या पुण्यानं ते पुस्तक ती जगेल या आशेवर वाचलं असेल. ती मेलीच आहे असं धरून वाचणारी माझी आई एकटी होती. ते रडू आनंदाचं होतं की आणखी कशाचं, हे मी नळ बंद होईपर्यंत दाराशी उभी राहून ठरवत होते. अजून ठरलेलं नाही.

त्या रविवारी सर आले. खुर्चीवर बसले नाहीत. आप्पांच्या हातातून पेपर घेतला, त्याचं एक मोठं पान सुटं केलं, तीनदा दुमडलं, आणि शाळेत शिकवावं तसं खिशातल्या पेन्सिलीनं कोपऱ्याकोपऱ्यात आकडे घातले, एकपासून सोळापर्यंत. मग ते उलगडून कॉटवर पसरलं.

“वहिनी, एक शंका आहे. तावावर चौदावं पान डावीकडे येतं आणि त्याला खेटून उजवीकडे तिसरं. शेवटच्या फर्म्यात तिसऱ्यावर पेटी आहे, चौदाव्यावर चहा. ताव सरळ वाचत गेलं तर आधी चहा, मग पेटी. ही चूक होऊ शकते. पण इतकी वर्षं घड्या घालणाऱ्या माणसाकडून होऊ शकते का, एवढंच मला कळत नाही.”

ते बोलताना माझ्याकडे पाहत नव्हते. पेपराकडे पाहत होते. शकूरभाई त्यांच्या मागे दारात उभे होते, तेही पेपराकडेच पाहत होते. मी भिंतीला टेकून होते, आणि बोलायची ती वेळ होती. यापुढे ती कधी इतकी सोपी होणार नव्हती.

“माझीच नजर चुकली, सर,” आई म्हणाली.

सरांनी चष्मा पुसला. “असेल,” म्हणाले. “नजर काय, कुणाचीही चुकते.” मग तो पेपर नीट दुमडून त्यांनी आप्पांच्या हातात दिला. “घ्या. जरा जास्तच वाचला मी आज. पोहे आहेत का?”

शकूरभाईंनी चपला काढल्या. अर्ध्या तासात तिघं भांडत होती, होडीत हवा कशी पुरली यावर, आणि आई विजयानं म्हणत होती, “पुरवून घेतली की नाही? पुरवून?” मी चहा केला. मला कुणी काही म्हणालं नाही. त्या रविवारीही नाही, पुढेही नाही. सरांच्या जिभेची धार सगळ्या गल्लीला ठाऊक होती, आप्पांच्या गुळालाही ती सोडायची नाही. माझ्या बाबतीत ती त्यांनी कायमची म्यान केली. माझ्या लग्नात त्यांनी मला मालिकेचे सगळे भाग दिले आणि म्हणाले, “लढाया गाळू नका.” बस. त्या प्रेमापोटी मी गप्प राहत गेले, असं मी स्वतःला सांगायची. गप्प राहणं सोयीचं होतं, हे त्यापुढचं वाक्य मी कधी म्हटलं नाही.

आप्पा गेले, मग सर गेले. सरांच्या शेवटच्या दिवसांत मी भेटायला जायची, फळं न्यायची, उशी सरळ करायची. त्यांनाच सांगायचं होतं ते सोडून बाकी सगळं बोलायची. हिंजवडीच्या नोकरीत माझी हयात गेली. कंपनीच्या बसमध्ये रोज येता-जाता खिडकीशी बसून मी ते वाक्य तयार करायची आणि हडपसर आलं की उतरताना तिथेच ठेवून यायची.

या वर्षी मालिकेचा नवा भाग आला. आई आता माझ्याकडे असते. भिंग धरून वाचते, आणि शेवट कुणी सांगू नये म्हणून पुस्तकाला घातलेल्या कव्हरावर हात ठेवून झोपते. वाचून झालं तशी तिनं शकूरभाईंना फोन करायला लावला. ते रिक्षानं आले, काठी टेकत, रिक्षावाल्याला आणि लेखकाला एकाच दमात नावं ठेवत.

“काय हा भाग, वहिनी! लढायाच लढाया. तात्या एकदा तरी चहा करतो का?”

“तात्या म्हातारा झालाय, शकूरभाई.”

“म्हणून काय चहा सोडायचा? मी सोडलाय?”

“आणि रेवती एवढी रागीट कधीपासून झाली? चिडून बोलते सगळ्यांशी.”

“सर असते तर म्हणाले असते, हवा कमी पडली होती तेव्हा, डोक्यावर परिणाम झाला.”

दोघंही हसली. हसता हसता आईला ठसका लागला, मी पाणी दिलं, आणि भांडं परत घेता घेता माझ्या तोंडून निघालं, “नवव्या भागाचं तेव्हा आईनं सांगितलं नव्हतं.”

शकूरभाईंनी हात हलवला. “अगं पोरी, ते काय आता. आम्हाला तर त्याच दिवशी, सरांनी पेपर उलगडला तेव्हाच…”

“थांबा, शकूरभाई,” आई म्हणाली. तिनं भिंग बाजूला ठेवलं. “तुम्हाला कळलं ते वेगळं. बोलू दे तिला.”

मी उभीच होते. ठोकळ्यापासून सगळं सांगितलं. अंगण, डबे, दोन पानं, माझं नाव न सांगता तिचं सांगितलं ते, आणि का सांगितलं तेही. कारण सांगताना आवाज फाटला, पण आईनं ‘असू दे’ म्हटलं नाही. ती पूर्ण ऐकत होती. माझं संपल्यावर ती माझ्याकडे वळली नाही. शकूरभाईंकडे वळली, पाठ ताठ करून.

“ऐकलंत ना? मी सांगितलं नव्हतं.”

“ऐकलं, वहिनी,” शकूरभाई म्हणाले.